दीड गोळी

झुमागुलने गोळी चमच्याच्या पाठीने चुरली, नवऱ्याच्या, सांजारच्या, चहात ढवळली.

"चहा उकळतेस की दगड शिजवतेस, सूनबाई?" सासू उरुकान कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, चामडी बुधला घुसळत म्हणाली.

या तंबूत गोळीचं नाव काढायची सोय नव्हती. उन्हाळी कुरणावर येताच सांजारने गोळ्यांचं पाकीट ओढ्यात भिरकावलं होतं. "फेफरं येणाऱ्याच्या हाती कळप कोण सोपवतो?" म्हणाला. तीन वर्षांत एकही झटका नव्हता, म्हणून हा माज! आणि सासू? ती तर शेजारच्या तंबूंना ऐकू जाईल अशी गरजली होती, "माझ्या लेकाला काही झालेलं नाही!" कसली ही आई, असं झुमागुलला वाटलं होतं. गोळी एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरने बजावलं होतं. मग झुमागुलने गुपचूप दुसरं पाकीट आणवलं. चहा सुनेनं ओतायचा, कुमिस सासूनं. एकीच्या भांड्याला दुसरी हात लावत नाही. चहात काय पडतं ते कोण बघणार?

पण आठ दिवसांपासून सांजारचं काही खरं नव्हतं. चालताना झोकांड्या जायच्या. एका मेंढीच्या दोन दिसायच्या. जीभ जड झाली होती. काल तर भडाभडा ओकला. रोग उलटतोय, दुसरं काय! म्हणून आज तिने दीड गोळी घातली होती.

सांजार आत येताना चौकटीला धडकला. "चौकट हलली की मी?" म्हणत हसला. चहा प्यायला, आईच्या हातचा कुमिसही प्यायला आणि तिथेच आडवा झाला. थोड्या वेळाने झुमागुलने हाक मारली. मग गदागदा हलवलं. डोळा उघडेना.

तिचा धीर सुटला. तिने सासूचे पाय धरले. "सासूबाई, मला मारा, झोडा! मी ह्यांना रोज चहातून गोळी देत होते. आज तर दीड दिली. तरी रोग सोडत नाही हो!"

उरुकानने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं.

"अगं माझ्या कर्मा! लोकांपुढे त्याची लाज राहावी म्हणून मी तसं बोलले गं. आठ दिवस झाले, कुमिसातून मीही रोज गोळी देतेय. आज मीही वाढवली."