दुधीची रोपं

सांची निजली की तेवढ्या वेळात माझी परसबाग. दुधीचं बी मी तिच्याच जुन्या झबल्याच्या तुकड्यात बांधून भिजवलं आणि कागदी कपांत टोबलं.

कोंब आले, पण रोपं खिडकीतल्या उन्हाकडे न वळता पाळण्याकडे वळली. मी कप फिरवले. सांचीचं दूध पिऊन होईस्तोवर सगळी पुन्हा तिच्याकडे. तीनदा फिरवले, तीनदा तेच.

"तुह्या हातचं रोपटंही सरळ येत नाही काय वं?" सासूबाई हसल्या.

वैतागून कप अंगणात भर उन्हात ठेवले. संध्याकाळी रोपं भिंतीकडे वाकलेली. भिंतीपलीकडे पाळणा होता.

आज दुपारी चिडूनच वाफे करायला बसले. म्हटलं, मातीत गेली की सुधारतील. कप उचलले, तर सगळी रोपं परसामागच्या बुजवलेल्या विहिरीकडे वळलेली.

मी घरात धावले. सासूबाई झोका देत होत्या. पाळण्यात सांची शांत झोपली होती.

"काहून पळून राह्यली? आत्ताच तं निजलं लेकरू."

तेवढ्यात विहिरीकडून भुकेलं रडणं ऐकू आलं, आणि मला पान्हा फुटला.