पृष्ठांकन

पंख्याच्या वाऱ्याने उडालेले कागद शरयूताईंनी गोळा करून नवऱ्याच्या, त्र्यंबकरावांच्या, पलंगावर आणून ठेवले. व्याकरणावरचं हे पुस्तक त्र्यंबकरावांनी हाताने लिहून पुरं केलं आणि लगेच अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. सगळं कळायचं, पण बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज यायचा.

दोघांनी मिळून कागद क्रमाने लावले. पुढचं पान कुठलं, ते त्र्यंबकराव डाव्या हाताच्या बोटाने दाखवत होते.

"आता पानांना नंबरिंग करून टाकते, म्हणजे पुन्हा घोळ नको," शरयूताई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांच्या कपाळावर आठी पडली. वर्गात शिकवताना पडायची, तशीच. ओठ हलले. "पृ... पृ..."

शरयूताईंना शब्द कळला होता. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. शरयूताई हातात पेन धरून त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"पृष्ठां... कन."

"काय म्हणालात?"

"पृष्ठांकन!" या खेपेला शब्द जोडाक्षरासकट अखंड आला.

शरयूताईंनी स्वयंपाकघरात जाऊन, डोळे पुसत, मुलीला फोन लावला. "अगं, बाबा बोलले!"

"खरंच? काय बोलले? तुला हाक मारली?"

"छे गं!" शरयूताईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "माझी चूक काढली!"