नवरीची जाळी

"मम्मी, हीसुद्धा शोभत नाही," रेनी आरशासमोर वैतागली. अंगातला गाऊन थोरल्या बहिणीचा, सायीच्या रंगाचा; त्यावर दुकानातली डोक्यावर घ्यायची प्रत्येक जाळी पांढरीफटक दिसत होती.

थोरली लग्नाच्या तोंडावर तापाने गेली होती. बिनलग्नाच्या मुलीला नवरीच्या वेशात पुरायची त्यांच्यात रीत. पण गाऊन मातीत घालायला आईचं मन धजेना. तिने शवपेटीत लेकीला नुसती डोक्यावरची जाळी पांघरवली.

"बघा, अगदी गाऊनचाच रंग!" दुकानदारीण म्हणाली.

आई वळली. रेनीचा चेहरा जाळीआड होता. जाळीला आईनेच विणलेली लेस होती, ओल्या मातीने माखलेली.

"ही कुठून काढलीत?"

"मी नाही काढली. तुमच्या मुलीनेच आणली ना?"

"आय," जाळीआडून हाक आली. अशी हाक फक्त थोरली मारायची. "आता जोड पुरी झाली."