सातवी टाचणी

"सहा."

शिंप्याने पुन्हा मोजलं. मनगटावर बांधलेल्या कापडी गादीत टाचण्या सहाच होत्या. समोर मुख्याध्यापक अर्धवट शिवलेल्या कोटात एक हात आडवा धरून उभे होते. उद्या सकाळी त्यांचा निरोपसमारंभ होता आणि डाव्या बाहीचं अजून काही जमत नव्हतं.

मोजून टाचण्या ओठांत धरायच्या, एकेक कापडाला लावायची, खडूने खूण केली की काढून गादीत खोचायची आणि शेवटी पुन्हा मोजायच्या, ही त्याला वडिलांनी लावलेली शिस्त. तो नेहमी सात धरायचा. तीस वर्षांत एक टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती, आणि हे तो गिऱ्हाइकाने न विचारताच सांगायचा.

"कोटातच राहिली असेल," मुख्याध्यापक म्हणाले.

कोट उलटा झाला, शिवण न् शिवण चाचपून झाली. काजं-बटणं करणारी त्याची बायको लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने सगळी जमीन पालथी घातली. चार हूक निघाले, मागच्या वर्षी हरवलेली सुई निघाली. टाचणी निघाली नाही.

मग नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. शिंप्याने खिशातला रुमाल काढून तोंडावर घट्ट दाबला.

दुपारी दोन वाजता त्याचा वरच्या सुळ्यामागचा दात काढला होता. आठ दिवस त्या दाताने त्याला जगणं नकोसं केलं होतं, आणि त्याने घरादाराला. उठता बसता एकच जप चालला होता, "दुखतंय, दुखतंय." शेवटी बायको कावली. "हा शब्द पुन्हा कानावर आला ना, तर मी स्वतः पक्कड घेऊन येईन!" आज इंजेक्शन बसलं आणि सगळं कसं गार झालं. ओठ, गाल, नाकाची कड, काही म्हणजे काही जाणवेना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "काका, दोन-तीन तास ओठ बधिर राहील. गरम पिऊ नका, ओठ चावू नका." टाचण्यांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. कोण बोलणार?

"आजच्या दिवस दुकान बंद ठेवा," असं बायको मात्र बोलली होती. तिचं त्याने ऐकलं नव्हतं.

"गिळलीत?" ती आता हळूच म्हणाली.

"कळलंच नाही गं," तो रुमालातून म्हणाला.

मुख्याध्यापक आयुष्यभर मुलांना रांगेत उभं करत आलेले. त्यांनी या दोघांना धरून रस्ता ओलांडून दिला आणि स्वतः एका बाहीच्या कोटात दुकान सांभाळत बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, रुमाल बाजूला केला आणि आरसा तोंडात घातला. जीभ उचलून पाहिली, गाल ताणून पाहिले, घसा पाहिला. बायकोही त्यांच्या खांद्यावरून आत डोकावत होती.

"गिळताना काही टोचतंय?"

"नाही."

"छातीत? पोटात? कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

आठ दिवस हेच उत्तर द्यायला तो तळमळत होता. आज ते देताना त्याला घाम फुटला. कारण बाईंचा चेहरा उतरला होता.

"दुखलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "निदान ती कुठे आहे ते तरी समजलं असतं. मोठ्या दवाखान्यात फोटो काढून घ्या, लगेच. चिठ्ठी देते."

त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. शिंप्याने पुन्हा रुमाल तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने बायकोचा हात धरला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्याने तिचा हात कधी धरला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचंही त्याला सुचत नव्हतं.

"सरांची डावी बाही," तो म्हणाला, "अर्धा इंच वर घे. खांद्याला घडी पडतेय."

"मी नाही घेणार," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "तुम्हीच घ्यायची. रात्री बसून घ्या, उद्या घ्या, पण तुम्हीच घ्यायची."

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या ओठाला मुंग्या आल्या. नाकाची कड हुळहुळली. गाल आपला वाटू लागला. त्याने रुमाल जरा दाबला आणि खुर्चीतून उडालाच.

"आई गं! दुखतंय!"

"कुठे? पोटात?" बायको पांढरीफटक पडली.

त्याने बोट लावलं ते मिशीला. बाईंनी दिवा वळवला. शिंप्याची मिशी दाट आणि पांढरी, टाचणीही पांढरी. केसांच्या मुळाशी, ओठाच्या वरच्या कातडीत ती आडवी रुतून बसली होती. मघापासून तोच रुमालाने तिला आत ढकलत होता. दोघींनीही तोंडाच्या आत पाहिलं होतं, बाहेर बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चिमट्याने टाचणी निघाली. मागोमाग रक्ताचा एक थेंब आला. शिंप्याने ती पुसली, मनगटावरच्या गादीत खोचली आणि न चुकता मोजलं. सात.

बायको मटकन स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"अजून दुखतंय का हो?"

"खूप!"

"नक्की ना?" ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा बघू."