कळप पाण्यात असताना

रानम्हशींचा कळप इंद्रावतीच्या मधोमध आला होता आणि बेटावरची पोरंसोरंसुद्धा चिडीचूप बसली होती. पाण्यावर नुसती शिंगं आणि नाकपुड्या दिसत होत्या. उन्हाळा तापला की बेटावरच्या हिरव्या गवतासाठी कळप पोहत यायचा आणि अख्खं गाव तो बघायला काठावर जमायचं. त्याहून मोठा सण बेटाला ठाऊक नव्हता. शेवटचं रेडकू काठाला लागलं की पत्रूनं ढोल बडवायचा आणि मग सगळ्यांनी नाचायचं. त्याआधी हूं की चूं करायचं नाही. आवाज झाला तर कळप माघारी फिरतो आणि पुन्हा लवकर त्या काठाला येत नाही.

मधले कितीतरी उन्हाळे कळपाविना कोरडे गेले होते. त्याआधी एका पाहुण्यानं काठावर बसून चामड्याची लांब पेटी उघडली, बंदूक काढली आणि म्होरकी म्हैस पाण्यातच मारली. यंदा तिची फाटक्या कानाची लेक कळप घेऊन येत होती. पत्रूची बायको बुधरी तर तिला बघून रडायलाच लागली होती.

पाहुणा याही वेळी होता. चांद्याचे गुणवंतराव. एटापल्लीच्या बाजारात पत्रूनंच त्यांच्यापाशी कळपाच्या गप्पा छाती फुगवून मारल्या होत्या. "मले नुसतं पाहाचं हाय, भाऊ," असं ते म्हणाले होते. माणूस भला वाटला. गावानं त्यांना झुडपाआडची सगळ्यांत चांगली जागा दिली.

पत्रूनं सहज तिकडे पाहिलं. गुणवंतरावांच्या मांडीवर चामड्याची लांब पेटी होती. झाकण उघडं होतं. झुडपातून एक काळी नळी कळपाच्या रोखानं पुढे सरकत होती.

धावत जाऊन धरावं तर तेवढा वेळ नव्हता. या माणसाला इथं आणलं कुणी? आपणच. पत्रूनं काठी उचलली आणि जीव खाऊन ढोल बडवला.

कळप बिथरला. पाणी घुसळून निघालं. फाटक्या कानाची वळली, तिच्यामागे सगळ्या वळल्या. गाव थिजल्यासारखं पत्रूकडे बघत राहिलं. बुधरीनं त्याचा हात धरला, पण आता धरून काय उपयोग?

"काऊन वाजवला? पान्यातच होत्या ना अजून," ती म्हणाली.

"त्याले विचार," पत्रू म्हणाला. "बंदूक हाय त्याच्यापाशी."

गुणवंतराव झुडपातून बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी ती नळी पत्रूच्या डोळ्याला लावली. नळीच्या दोन्ही टोकांना काच होती. दुर्बीण होती ती.

पलीकडच्या काठावर चढलेली फाटक्या कानाची म्हैस एकदम हातभर अंतरावर आली. तिच्या पापण्यांवरचं पाणीसुद्धा दिसलं. तिला शिवायला पत्रूनं हात पुढे केला, तेव्हा ती पाठ फिरवून रानात शिरत होती.