आरसेवाला

"ही धोबिणीची गोष्ट तुम्ही स्वतः रचलीत?" संपादकबाईंनी पुन्हा विचारलं.

"स्वतः," लेखक म्हणाला. "कादंबरीत एवढं राज्य उभं केलं, तर तिथल्या आज्यांना नातवंडांना सांगायला काही नको? म्हणून रचली."

मुलांसाठीच्या त्याच्या जाडजूड कादंबरीत लोकांच्या सावल्या धुऊन वाळत घालणारी एक धोबीण होती. एकदा ती चुकून राजाची सावली भिकाऱ्याच्या घरी पोचवते. बाईंना गोष्ट फार आवडली होती आणि तेच खुपत होतं. इतकी गुळगुळीत गोष्ट एका माणसाच्या हातून उतरत नाही, बऱ्याच तोंडांतून फिरून आलेली असते. त्यात पुस्तकासाठी चित्रं काढणारी मुलगी सहज बोलून गेली होती, "ही तर माझ्या आत्याला येते."

करारात स्पष्ट होतं, सगळं स्वरचित. तसं नसेल तर पुस्तक रद्द. लेखकाने या पुस्तकापायी नोकरी सोडली होती. त्याची झिजली म्हणून उलटवून शिवलेली कॉलर बाईंच्या नजरेतून सुटली नव्हती.

दुपारी बाई त्या आत्याच्या दारात हजर. आत्याबाई खिडकीशी बसून उशांचे अभ्रे शिवत होत्या.

"धोबिणीची ना? माझी आई सांगायची," असं म्हणत त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि गोष्ट शेवटापर्यंत सांगून मोकळ्या झाल्या.

"तुमची भाची चित्रं काढताना पुस्तक मोठ्याने वाचते का हो?"

"वाचते की. मलाच तर ऐकवते."

बाईंच्या संशयाने कूस बदलली. कानावर पडेल ते ही म्हातारी आपल्या आईच्या नावावर जमा करत असेल तर? त्यांनी बसल्या जागी एक गोष्ट जुळवून सांगायला घेतली. दारोदार हिंडणारा एक आरसेवाला. सगळ्यांना त्यांचे चेहरे विकतो, पण तो स्वतः कुणालाच दिसत नाही, नुसता आवाज येतो. पुढे काही सुचेना, तेव्हा बाई थांबल्या.

"ही पण आईचीच," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला कुठे मिळाली?"

बाई गालातल्या गालात हसल्या. साक्षीदारच कच्चा निघाला होता. ऑफिसात परतून त्यांनी छपाईला होकार दिला आणि लेखकाला फोन केला. खाली छपाईचं यंत्र सुरू झालं होतं.

संध्याकाळी थोरल्या भावाकडे चहा घेताना त्यांना राहवलं नाही.

"म्हातारीला बरोबर पकडली, दादा. म्हटलं, एक आरसेवाला असतो, घरोघर आरसे विकत हिंडतो, पण तो स्वतः कुणाला..."

"दिसत नाही. दिसतो तो फक्त त्या आंधळ्या सुनेला," वर्तमानपत्रातून डोकं न काढता भाऊ म्हणाला. "आपल्या आईची गोष्ट ती. तू शेवट येईपर्यंत जागी राहिलीस कधी?"