आक्काच्या गाडीचा चौथा टेन्शनर

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं आणि लाकडी मूठ दाढेत धरली. माणूस दोन्ही कानांनी ठार बहिरा. तोंडात दाढ एकच उरलेली, तीही हलणारी. पण त्या दाढेनं जेवढी इंजिनं ऐकली, तेवढी कानवाल्यांनी गाणीसुद्धा ऐकली नसतील. लोक सांगतात, एकदा असंच मूठ चावून त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या ट्रकचं बेअरिंग गेल्याचं ओळखलं होतं. लोक काहीही सांगतात. गल्ली शेजारची नव्हती, तिच्याही पलीकडची होती.

"सैल नाही," मूठ काढून ते म्हणाले. "सैल चेन फटके मारते. ही खरवडतेय. कोरडी आहे."

स्टिअरिंगवर त्यांची थोरली बहीण बसली होती. आक्का अठ्ठ्याहत्तरची, गाडी तिच्याहून वीस वर्षांनी लहान. वर्षभरात या इंजिनानं तीन नवे टेन्शनर खाल्ले होते. टेन्शनर म्हणजे बोटभर लांबीचा तुकडा. इंजिनातली टायमिंग चेन सैल होऊ नये म्हणून तिला दाबून धरतो. चौथा काल बसवला आणि आज सकाळी पुन्हा खडखड. पाचवा मिळायचा नव्हता. विकणाऱ्यानंच हात वर केले होते. आणि आक्का मुलाला शब्द देऊन बसली होती: या खेपेला खडखडली तर गाडी भंगारात, आणि यापुढे मी तुझ्या गाडीत मागच्या सीटवर. मुलगा इतका आज्ञाधारक, की त्यानं भंगारवाल्याला आज बाराची वेळही देऊन टाकली होती.

टेन्शनर बाहेर काढायला दुसऱ्या कुणाला अर्धा दिवस लागला असता. मिस्त्रींनी तो आक्काच्या कपातला चहा निवायच्या आत काढला. फडक्यानं पुसून उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला.

"गाढव आहे मी. याला भोकच नाही!"

जुन्या टेन्शनरच्या तोंडाला टाचणीएवढं भोक असे. त्यातून तेल यायचं आणि चेन ओली राहायची. मिस्त्री चाळीस वर्षं ते भोक सुईनं साफ करत आले होते. हे नवे तुकडे मात्र इतके चकचकीत, की सुई घालून पाहावी असं त्यांना वाटलंच नाही. बनवणाऱ्यानं रूप हुबेहूब उतरवलं होतं, भोक तेवढं पाडायचं राहून गेलं होतं.

"मग पाड की," आक्का म्हणाली.

मिस्त्रींनी ड्रिल उचललं आणि खाली ठेवलं. भोक तिरकं जायला हवं, आतल्या तेलाच्या वाटेला मिळायला हवं. केसभर जास्त गेलं तर तुकडा बाद.

"हात थरथरतोय तुझा, बाळ्या."

"दिसतंय मला. बहिरा आहे, आंधळा नाही."

आक्कानं नुसतं भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे मिस्त्रींच्या सुनेचा दातांचा दवाखाना होता.

ती हलणारी दाढ काढायला सून दोन वर्षं मागे लागली होती आणि मिस्त्री दोन वर्षं त्या उंबऱ्याला शिवले नव्हते. आज आपणहून आत आले. सुनेनं लगबगीनं खुर्ची पुसली. "बसा बाबा." मिस्त्रींनी खुर्चीत टेन्शनर ठेवला.

सासऱ्यांना ओठ वाचता यावेत म्हणून तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. "बाबा, हे लोखंड आहे."

"पोलाद. दातावरच्या धातूच्या टोप्या कापतेस ना? तसंच समज."

बाकावर गाल सुजलेला एक पेशंट होता. त्यानं लगेच हात वर केला. "आधी याचंच करा, डॉक्टर. मला काही घाई नाही."

सुनेनं दिवा खाली ओढला, डोळ्यांवर भिंग चढवलं. "थांबायचं कुठं, ते मला कसं कळणार?"

"मी सांगतो." मिस्त्रींनी टेन्शनर लांब पकडीत आवळला, पकड टेबलाच्या कडेवर दाबली आणि मूठ दाढेत धरली.

ड्रिल किरकिरलं. ड्रिलची तीन टोकं मोडून उडाली. चौथं आत शिरू लागलं तशी त्याची थरथर पकडीतून थेट हलत्या दाढेत कळ मारत गेली. मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सून थांबली, तर त्यांनी हातानं खुणावलं: चालू दे. आणि एकाएकी ती थरथर हलकी झाली, तसं त्यांचं बोट वर झालं. तिनं त्याच क्षणी ड्रिल उचललं.

तिनं सिरिंजमध्ये तेल भरून मागून दाबलं. टेन्शनरच्या तोंडातून केसासारखी बारीक धार निघाली, सरळ, कुठंही न फुटता. पेशंट दुखरा गाल विसरून "वा!" म्हणाला.

"चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही," मिस्त्री म्हणाले. "माझाही धरून."

सुनेनं मास्क वर ओढला, पण डोळे हसत होते ते बहिऱ्यालाही दिसत होतं.

बाराला दोन मिनिटं असताना इंजिन सुरू झालं. चेन आहे की नाही कळू नये, असं ते चालत होतं. गॅरेजच्या फाटकाशी भंगारवाल्याचा ट्रक येऊन आडवा लागला. ड्रायव्हर उतरला, इकडे तिकडे पाहत म्हणाला, "न्यायची गाडी कोणती?"

आक्कानं काच खाली केली.

"बाळा, ट्रक जरा मागे घे. मला बाहेर पडायचंय."

गल्ली अरुंद. ट्रकला वळायला जागा नव्हती, आणि आक्का काही थांबेना. गंजक्या गाड्यांनी लादलेला तो ट्रक तिच्यासमोर मागे मागे सरकत गेला, पार मोठ्या रस्त्यापर्यंत.